जव्हारच्या अंगणातली शंभर सीसी

१९८५ मध्ये हिरो होंडाने सीडी १०० बाजारात आणली, तेव्हा तिच्या जाहिरातीचा आशय असा होता की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. चार-स्ट्रोकचं लहान इंजिन, तोवर मोटारसायकलीकडून कुणी अपेक्षाही केली नव्हती असं ॲव्हरेज आणि पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायची कटकट नाही, एवढ्या भांडवलावर ती गाडी चालली. १९९४ मध्ये त्याच ९७.२ सीसीच्या इंजिनावर स्प्लेंडर आली आणि खेड्यापाड्यांत ठाण मांडून बसली. जव्हार-मोखाडा या दुर्गम तालुक्यांतल्या पाड्यांवर या घराण्यातल्या जुन्या गाड्या अजून धावतात. पाटीवर एमएच-०४ असेल तर समजावं, की हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता आणि वसईच्या परिवहन कार्यालयाचा एमएच-४८ हा क्रमांक सुरू व्हायचा होता, त्या काळातली ही गाडी आहे. पण इथे तिला विसरून कुणालाच चाललेलं नाही. प्लग काढून बघणं, कार्बोरेटर उघडून फुंकणं, चेन ओढून घेणं ही कामं घराच्या अंगणात होतात. नवी घ्यायची ऐपत नाही म्हणून जुनी ओढत नेतात, असं याचं स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. पैशाचा प्रश्न खरा आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. पैसा कमी असताना इतर अनेक यंत्रं भंगारात गेली, ही गेली नाही. ती टिकली याचं मुख्य कारण माझ्या मते हे आहे की तिचं काय बिघडलंय हे मालकाला स्वतःला शोधून काढता येतं. शोधण्याचं हे कौशल्य दुर्गम तालुक्यात रस्त्याइतकंच दळणवळणाचा भाग आहे, आणि त्याची तशी दखल कुठेच घेतलेली नाही.

जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. इथून एक रस्ता विक्रमगड-मनोरकडे उतरतो, एक मोखाड्यावरून त्र्यंबक-नाशिककडे चढतो, एक सिल्वासाकडे जातो, आणि या मोठ्या रस्त्यांना फुटलेल्या फाट्यांच्या टोकांना पाडे विखुरलेले आहेत. एसटी फाट्यापर्यंत येते, पुढे पायवाट किंवा दुचाकी. काही पाड्यांवरून आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला डोली करून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, हे वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं छापत आली आहेत. जिथे वाट थोडी बरी आहे तिथे डोलीची जागा मोटारसायकलने घेतली. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा बाजार, दवाखाना, आश्रमशाळा यांना जोडणारं जे थोडं शिल्लक राहिलं त्यात दुचाकी पहिली होती. अशा ठिकाणी गाडी बंद पडणं म्हणजे मजुरीचा दिवस बुडणं, कधी त्याहून वाईट. जव्हारला, मोखाड्याला, खोडाळ्याला मेकॅनिक आहेत आणि चांगले आहेत. पण गाडी बंद पडते ती त्यांच्या दारात नाही. ती पडते घाटाच्या वळणावर, ओढ्यापलीकडे, फोनला रेंज नाही अशा जागी. त्या क्षणी उपयोगी पडतं ते मालकाच्या डोक्यात असलेलं ज्ञान आणि बाजूच्या झाकणाखाली ठेवलेला प्लग पाना.

हे ज्ञान सामान्य माणसाला झेपतं, याचं श्रेय यंत्राच्या रचनेला आहे. जवळजवळ आडवं झोपलेलं एक सिलिंडर, हवेने थंड होणारं, वर एकच कॅमशाफ्ट आणि दोन व्हॉल्व्ह, ही मांडणी होंडाच्या सुपर कबच्या कुळातली. सुपर कब १९५८ मध्ये आली आणि २०१७ पर्यंत तिचं उत्पादन दहा कोटींच्या पुढे गेलं. आशिया-आफ्रिकेत जिथे जिथे ती गेली, तिथे ती रस्त्याकडेला उघडली आणि मिटवली गेली. स्प्लेंडरच्या इंजिनातही प्लग हाताला लागतो, टॅपेटची झाकणं बाहेरच आहेत, कार्बोरेटर दोन बोल्टांवर सुटतो. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा नंबरचे पाने, पक्कड, एक चपटा आणि एक फुली स्क्रू ड्रायव्हर एवढ्यात बहुतेक कामं भागतात. पण पाने दुकानात मिळतात. बिघाड शोधायला लागते ती विचाराची शिस्त, आणि ती विकत मिळत नाही.

पेट्रोल इंजिन चालायला चार गोष्टी लागतात: योग्य मिश्रण, जोराची ठिणगी, दाब, आणि हे सगळं नेमक्या वेळी. जुन्या स्प्लेंडरचं टायमिंग कारखान्यातच ठरलेलं असतं, त्यामुळे सहसा पहिल्या तिघांतच चोर सापडतो. गाडी कशी बंद पडली हा पहिला प्रश्न. चालता चालता दिवा विझावा तशी एकदम बंद पडली तर संशय करंटवर घ्यावा. आचके देत, चोक ओढला की थोडी सावरत, मग बंद पडली तर पेट्रोल पोचत नाही. दोन-चार किलोमीटरनंतर दर वेळी थांबते आणि टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज होऊन पुन्हा चालू होते, तर झाकणातलं हवेचं भोक मातीने बुजलंय, बाकी गाडी निर्दोष आहे. या एका बुजलेल्या भोकापायी कार्बोरेटर, कॉइल, सीडीआय असं सगळं बदलून खर्चात पडणं अगदी शक्य आहे, आणि निदानाची किंमत तिथेच कळते. दुसरा साक्षीदार प्लग. किका मारून काढलेला प्लग पेट्रोलने ओला असेल तर इंधन येतंय, ठिणगी पडत नाही. कोरडा असेल तर उलट. काजळीने काळा म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला. पांढरट भाजलेला म्हणजे पेट्रोल कमी, किंवा कार्बोरेटर आणि हेड यांच्या मधून कुठून तरी हवा घुसते. ऑईलने तेलकट म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले, आणि हे काम अंगणातलं नाही.

ठिणगी बघायची तर प्लग कॅपमध्ये बसवून त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायचं आणि सावलीत किक मारायची. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी उघड्यावर दिसली तरी दाबाखाली पडेलच असं नाही. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरावा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. दाब पाहायला भोकावर अंगठा घट्ट दाबून किक मारली की अंगठा उडाला पाहिजे. दाबाच्या बाबतीत एक चुकीची समजूत इतकी पसरलेली आहे की तिच्यावर थांबायला हवं. टॅपेट वाजतात म्हणून ते आवळून गाडी गप्प करायची, ही ती समजूत. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, पण ती असावीच लागते. ती शून्य केली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, जळता वायू त्याच्या कडेतून सुटत राहतो आणि काही महिन्यांत व्हॉल्व्ह जळतो. हलकी टिकटिक करणारं इंजिन निरोगी असू शकतं, आणि कुणीतरी मुद्दाम गप्प केलेलं इंजिन आजारी. फट मोजायची ती इंजिन थंड असताना, फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवून, फीलर गेजने. हे गेज फार महाग नसतं, आणि पाड्यात एक असलं तरी सगळ्यांना पुरतं.

या भागातल्या बिघाडांना ऋतू आहेत. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या डोंगरात जून ते सप्टेंबर सर्वांत मोठा शत्रू पाणी. प्लगच्या कॅपमधून, कॉइलच्या जोडातून, चेसिसला बसलेल्या गंजक्या अर्थिंगमधून करंट निसटतो. म्हणून पावसात बंद पडलेल्या गाडीवर आधी कोरडं फडकं चालवावं, पाना नंतर. दिवाळीनंतर पाड्यांतली कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, मागे राहिलेली गाडी महिनोन्महिने उभी राहते. तेवढ्यात कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून चिकट थर उरतो आणि केसाएवढं भोक असलेला जेट बंद होतो. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी फार झालं की ते पाण्यासकट तळाशी वेगळं बसतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी ओ-रिंग व नळ्या या इंधनासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असल्यामुळे ॲव्हरेजही थोडं घटतं. यावर उपाय साधा आहे. गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करावा आणि ती रिकामी करावी. पावसाळ्यात मधूनमधून तेच पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेऊन तळाशी वेगळा थर दिसतो का ते बघावं. फुगलेल्या नळ्या बदलाव्यात. पंपावर ही माहिती मराठीत लावायला हवी होती. ज्यांच्या गाडीत काय भरलं जातं हे त्यांच्या हातात नाही, त्यांना निदान त्याचे परिणाम सांगायला हवे होते.

अंगणातल्या या दुरुस्तीवर पहिला आक्षेप असा, की अर्धवट ज्ञानाने माणूस गाडी बिघडवतो आणि जीवही धोक्यात घालतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. कारवीच्या कुडाचं घर, आत पेटती चूल आणि शेजारी पेट्रोलची बाटली हे दृश्य भीतिदायकच आहे. कार्बोरेटर उघडायचा तो उघड्यावर, घरापासून दूर, इंजिन गार झाल्यावर. ब्रेकबाबतही तसंच. लायनर संपलेत का ते बघता येतं, केबल ताणता येते, पण ड्रमला चर पडले असतील, चाकाचं बेअरिंग हलत असेल, शॉकअप गळत असेल, तर गाडी ढकलत का होईना मेकॅनिककडे न्यावी. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये घाट उतरणं तर सोडूनच द्यायला हवं. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतः गाडीला आवरतं, तो आधार काढून घेतला की सगळा भार तापलेल्या छोट्या ड्रमवर येतो. काढलेलं काळं ऑईल वाळवी लागू नये म्हणून घराच्या लाकडाला फासायची पद्धतही जुनी आहे. ते कातडीला घातक असतं आणि ओढ्यात गेलं तर पाण्यालाही. पण या सगळ्यातून निघतं ते इतकंच, की माणसांना मर्यादांसकट शिकवलं पाहिजे. अंगणातली दुरुस्ती बंद करा म्हटल्याने ती थांबणार नाही, फक्त अंधारात चालेल. आणि शोधायला शिकलेला माणूस मेकॅनिकच्या पोटावर पाय आणत नाही. तो त्याच्याकडे नेमकी तक्रार घेऊन येतो, दोघांचाही वेळ वाचतो.

दुसरा आक्षेप प्रदूषणाचा, आणि तो यापेक्षा जड आहे. कार्बोरेटरची जुनी गाडी कितीही नीट ठेवली तरी बीएस-सहाच्या मापात बसणार नाही, हे मान्यच करावं लागतं. मात्र काळा पडलेला प्लग आणि चोंदलेला फिल्टर घेऊन धावणारी गाडी आणि तीच गाडी नीट लावलेली, यांच्या धुरात मोठं अंतर असतं, आणि ते अंतर मालकाच्या हातात आहे. नोंदणीचं वय हा कायद्याचा वेगळा भाग. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं, आणि १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीसाठीचं शुल्क तीनशेवरून एक हजारावर गेलं. तपासणी हवीच. पण ती मोखाड्याच्या माणसाच्या आवाक्यात यायला हवी. परिवहन कार्यालयापर्यंतचा हेलपाटा म्हणजे बुडालेल्या मजुरीचा वेगळा दंड ठरतो, आणि मग कागद नसलेल्या गाड्या वाढतात.

तिसरा आक्षेप सर्वांत कसाचा: नव्या गाड्या बंदच पडत नाहीत, मग हे कौशल्य जपायचं कशाला? २०२० पासून स्प्लेंडरमध्येही कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. चोक नाही, जेट साफ करणं नाही, थंडीत किकांचा मारा नाही. ती सरस आहे, यात वाद नाही. फरक आहे तो ती बंद पडते तेव्हा. कार्बोरेटरच्या गाडीत बिघाड डोळ्यांना, कानांना, बोटांना कळतो. इंजेक्शनच्या गाडीत तो सेन्सर आणि कंट्रोल युनिट यांच्यातल्या व्होल्टेजमध्ये दडलेला असतो आणि वाचायला उपकरण लागतं. म्हणून ज्ञानाची गरज संपलेली नाही, तिचं स्वरूप बदललं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केलं, आणि वाहनं त्या कक्षेत घेतली. दुरुस्तीची माहिती मराठीत, साध्या भाषेत, वायरिंगच्या आकृत्यांसह जव्हारच्या आयटीआयपर्यंत आणि तिथून पाड्यांपर्यंत पोचायला हवी. डोंगरात नवी गाडी विकणाऱ्याने तिचं निदानही समजावून द्यावं, ही मागणी अवाजवी नाही.

त्याला सुरुवात करता येते, कारण शोधण्याची जुनी पद्धत नव्या गाडीलाही लागू पडते, खुणा तेवढ्या बदलतात. चावी फिरवून इंजिन चालू न करता कान द्यावा: टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबला पाहिजे. आवाजच नसेल तर आधी फ्यूज, मग बॅटरीची टोकं, मग बॅटरीचा व्होल्टेज. बॅटरी पुरती बसली असेल तर नुसत्या किकेने ही गाडी चालू होईलच असं नाही, जुन्या स्प्लेंडरसारखं ते गृहीत धरू नये. पंप वाजतो तरी गाडी घेत नाही, तर मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा बघावा. पुष्कळ गाड्यांत तो ठरावीक वेळा लुकलुकून कोणता सेन्सर रुसलाय ते सांगतो, आणि त्या लुकलुकण्याचा अर्थ सांगणारा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. तो एका पानाचा तक्ता मराठीत छापून मोखाड्याच्या आणि खोडाळ्याच्या गॅरेजांत, आश्रमशाळांत, पेट्रोल पंपांवर लावायला कुठल्याही कंपनीचं काही बिघडत नाही.