तेल खाणाऱ्या जिवाणूंचे स्थिरीकरण

२८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एन्नोरच्या कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. जहाजातील जड इंधन तेल किनाऱ्यावर आले आणि लोकांनी ते बादल्यांनी उपसले. गोळा केलेल्या तेलकट गाळावर जिवाणूंकरवी प्रक्रिया करण्यासाठी बंदराच्या आवारात जागा ठरवण्यात आली.

हायड्रोकार्बन खाणारे जिवाणू निसर्गात असतातच. मग ते थेट पाण्यात का सोडत नाहीत? कारण लाटांबरोबर ते पांगतात, इतर सूक्ष्मजीव त्यांना खातात आणि तेलाच्या विषारी घटकांमुळे बरेच मरतात. म्हणून जिवंत पेशी एखाद्या वाहक पदार्थावर किंवा त्याच्या आत धरून ठेवतात. यालाच स्थिरीकरण म्हणतात.

याच्या दोन प्रमुख पद्धती लक्षात ठेवा.

१. अधिशोषण : पेशी सच्छिद्र पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटतात. 'टेरी' संस्थेच्या 'ऑइलझॅपर'मध्ये मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाची पूड वाहक असते. पद्धत स्वस्त आहे, पण पेशी सुटून जाऊ शकतात.

२. बंदिस्तीकरण : पेशी सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात मिसळून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडतात. भिजलेल्या साबुदाण्यासारखे मणी तयार होतात. पेशी सुरक्षित राहतात. मात्र तेल व ऑक्सिजन आत केवळ विसरणाने पोहोचतात. मणी मोठा असेल तर गाभ्यातील पेशी उपाशी राहतात.

ऑक्सिजन महत्त्वाचा, कारण अल्केनच्या विघटनाची नेहमीची पहिली पायरी म्हणजे त्याला ऑक्सिजन जोडणे. पुढे अल्कोहोल, मेदाम्ल आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी बनते. तेलात नायट्रोजन व फॉस्फरस फार कमी असल्याने तेही पुरवावे लागतात. जड तेलातील अस्फाल्टीन मात्र सहसा तसेच उरते.

आता प्रयोगशाळेत नेहमी विचारावा असा प्रश्न : पाण्यातील तेल कमी झाले, म्हणजे ते नष्ट झाले का? तसे नाही. वाहक स्वतःच तेल शोषून घेतो. म्हणून तीन चंबू ठेवा : जिवंत पेशींचे मणी, मृत पेशींचे मणी आणि मण्यांविना. शेवटी पाण्यातील आणि मण्यांतील, असे दोन्हीकडचे तेल मोजा. जिवंत आणि मृत पेशींच्या चंबूंत उरलेल्या एकूण तेलातील फरक, तेवढेच जिवाणूंचे काम.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुरात एन्नोरच्या खाडीत पुन्हा तेल आले, होड्या-जाळी माखली. तिथल्या मच्छीमारासाठी शोषलेले तेल म्हणजे फक्त जागा बदललेले तेल. विघटन झाले हे आकड्यांनी दाखवता आले, तरच पाणी स्वच्छ झाले असे म्हणा.