वाळायला ठेवलेली चित्रं

वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे करत. त्यांच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण हे सांगतो आणि लगेच मौन, झेन, एकांत, रमण महर्षी यांच्याकडे वळतो. त्यात खोटं काही नाही. झेनचा आणि महर्षींच्या विचारांचा त्यांच्यावरचा प्रभाव सर्वज्ञात आहे आणि माणसांच्या गर्दीपासून ते दूर राहिले हेही खरं. पण त्या पाच-सहा चित्रांचा हिशेब नुसत्या मौनाने लागत नाही. बाकीचे दिवस स्टुडिओत काय चालायचं? हातात काय असायचं? कॅनव्हासवर कोणता रंग आधी बसला, कोणता नंतर, आणि मधे किती काळ काहीच झालं नाही? गायतोंड्यांना आपण ऋषी केलं आणि त्या भरात त्यांच्यातल्या कारागिराकडे पाहायचं राहून गेलं. मला तो कारागीर मोठा वाटतो. त्याच्यामुळेच ती चित्रं उभी आहेत.

थरांत काम करणाऱ्या चित्रकाराचा दिवस समजून घ्यायचा तर आधी तैलरंगाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. पाणी उडून जातं तसं तेल उडून जात नाही. रंगातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट पापुद्रा बनतं. बोटाला कोरडा लागणारा थर आतून कित्येक महिने पुरा वाळलेला नसतो. म्हणून खालच्या थरात तेल कमी, टर्पेंटाइन जास्त, आणि वर चढत जाल तसं तेल वाढवत न्यायचं, हा स्टुडिओतला जुना नियम. तो मोडला तर वरचा थर आधी आवळतो, खालचा नंतर हलतो आणि काही वर्षांनी चित्राला भेगा पडतात. रंगही सगळे एका चालीचे नसतात. अंबरमध्ये मँगनीज असतं, तो लवकर वाळतो. अलिझारिन क्रिमसन रेंगाळत राहतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर सगळंच लांबतं: ऊन नाही, हवा दमट, कॅनव्हासचा ताण बदलतो, मागच्या बाजूने बुरशी धरते. असा चित्रकार एकाच चित्रापाशी बसून राहू शकत नाही. त्याच्या भिंतीला एका वेळी तीन-चार कॅनव्हास टेकवलेले असतात, एक वाळतोय, एक अडकलाय, एक नुकताच प्राइम केलाय. सकाळी स्टुडिओत आल्यावर आज कोणाला हात लावायचा हाच पहिला प्रश्न असतो. कित्येक दिवस त्याचं उत्तर 'कोणालाच नाही' असं येतं, आणि तो दिवसही कामाचाच असतो.

ही रीत फार जुनी आहे. टिशियनच्या कामाचं वर्णन त्याच्या वर्तुळातल्या पाल्मा इल जोव्हाने या चित्रकाराच्या तोंडून मार्को बोस्किनी या लेखकाने सतराव्या शतकात नोंदवून ठेवलं. टिशियन आधी रंगाचा भक्कम पाया घालायचा, मग चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवून द्यायचा. कधी कधी काही महिने त्याकडे बघायचाही नाही. परत वळवायचा तेव्हा शत्रूकडे बघावं तसं त्यातले दोष हुडकायचा. शेवटी शेवटी तर कुंचल्यापेक्षा बोटांनीच जास्त रंगवायचा. भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं चित्र ही मला या साऱ्या परंपरेची खरी खूण वाटते. चित्रकार स्वतःच्याच चित्राला परका होऊन भेटू पाहतो, आणि त्यासाठी त्याला काळ मधे घालावा लागतो.

लिओनार्दोच्या बाबतीत हा काळ मोजताही आला. २०१० साली लूव्हरमधल्या त्याच्या सात चित्रांतल्या चेहऱ्यांवर, रंगाचा कणही न काढता, क्ष-किरणांच्या मदतीने अभ्यास झाला. छायेचे काही थर एक-दोन मायक्रोमीटर इतके पातळ निघाले आणि असे अनेक थर एकावर एक बसूनही जाडी तीस-चाळीस मायक्रोमीटरच्या वर जात नव्हती. एकेक थर वाळायची वाट पाहत तो काम करत होता.

विसाव्या शतकातले दोन चित्रकार मला या संदर्भात नेहमी शेजारी-शेजारी ठेवावेसे वाटतात. एक पिएर बोनार. फ्रान्सच्या दक्षिणेला ल कानेमधल्या लहानशा घरात तो कॅनव्हास ताणून न घेता भिंतीला टाचण्यांनी लावायचा आणि एकाच वेळी अनेक चित्रांवर फिरून फिरून काम करायचा. खिशातल्या छोट्या डायरीत त्या त्या दिवसाचं हवामान टिपायचा, शेजारी पेन्सिलीने लहानसं रेखाटन. चित्र पुरं झालं असं त्याला कधी वाटतच नसे. १९४७च्या जानेवारीत तो गेला. त्याच्या आधी बदामाच्या बहरलेल्या झाडाच्या चित्रात खालच्या डाव्या कोपऱ्यातला हिरवा त्याला चुकीचा वाटला. हात चालत नव्हता, तेव्हा पुतण्याला सांगून त्याने तिथे पिवळा लावून घेतला.

दुसरा फ्रँक आउरबाख. लंडनच्या कॅम्डन टाउनमधल्या एकाच स्टुडिओत तो १९५४ पासून २०२४ साली मृत्यू येईपर्यंत, सत्तर वर्षं काम करत राहिला. ठरलेल्या वारी ठरलेली माणसं येऊन त्याच्यासमोर बसत. काही तर वर्षानुवर्षं. दिवसभर रंगवून झालं की तो बहुतेक वेळा सगळं खरवडून टाकायचा आणि पुढच्या बैठकीला पुन्हा सुरुवात करायचा. एकेका चेहऱ्यासाठी महिने जात, कधी वर्षंही. पण आपण भिंतीवर पाहतो तो चेहरा शेवटी एकाच बैठकीत उतरलेला असतो. आधीची सगळी खरवडलेली चित्रं त्याच्या हातात शिल्लक असतात, कॅनव्हासवर नसतात. बोनार हळूहळू भर घालत जातो, आउरबाख पुन्हा पुन्हा रिकामं करतो. स्टुडिओत रोज येणं मात्र दोघांनाही चुकलं नाही.

गायतोंड्यांनी या दोन्ही गोष्टी एकाच कॅनव्हासवर केल्या.

१९२४ साली नागपूरला जन्म, घराणं मूळ गोव्याचं, वाढ गिरगावातल्या चाळीत, आणि १९४८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना स्टुडिओ मिळाला. त्याच वास्तूत हुसेन रंगवत, अल्काझी नाटकं बसवत, रविशंकरांची संगीतशाळा चाले. १९६४ साली रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७२ साली मुंबई सोडून दिल्लीत निजामुद्दीनला एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहायला गेले. तीच खोली घर, तोच स्टुडिओ. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांचा कॅनव्हास आडवा होता तो उभा झाला आणि पुढे उभाच राहिला.

दरम्यान हातातला कुंचला मागे पडला आणि रोलर व पॅलेट नाइफ पुढे आले. पातळ केलेला रंग रोलरने पसरायचा. वाळू द्यायचा. त्यावर दुसरा. मग सुरीने ओढून काही ठिकाणी वरचा थर काढायचा, खालचा उजेड वर येऊ द्यायचा. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून त्यांचे आकार करायचे, त्यांना रंग लावून ते कॅनव्हासवर ठेवायचे, वरून रोलर फिरवायचा आणि कागद उचलून घ्यायचा. मागे राहतो तो ठसा कुंचल्याने कधीच काढता येत नाही. त्याला फाटलेल्या कागदाची कड असते, पण हाताच्या वळणाची खूण नसते. त्यांच्या चित्रांतली ती लिपीसारखी दिसणारी आणि तरीही वाचता न येणारी चिन्हं बऱ्याच अंशी अशी आली आहेत. लोक त्यांत प्राचीन शिलालेख पाहतात, कुणी ध्यानातली रूपं पाहतात. पाहावीत. पण ती रद्दीच्या कागदाने, रोलरच्या दाबाने आणि रंग नेमका किती ओला आहे याच्या अंदाजाने झाली आहेत, हे कळल्यावर ती लहान होत नाहीत. मला तरी ती अधिक थोर वाटतात.

या पद्धतीत उचललेला कागद परत ठेवता येत नाही. रंग जास्त ओला असेल तर ठसा फिसकटतो, जास्त वाळला असेल तर उमटतच नाही. म्हणजे मधल्या सगळ्या रिकाम्या दिसणाऱ्या दिवसांत हा माणूस त्या पृष्ठभागाकडे बघत असतो. उद्या नाही, परवा, असं काहीतरी त्याचं चाललेलं असतं. ज्याला आपण चिंतन म्हणतो त्यात रंग वाळण्याची अचूक जाण मिसळलेली होती, आणि ती जाण रोज समोर बसल्याशिवाय येत नाही.

१९८४ साली त्यांना अपघात झाला आणि हे थांबलं. मोठे कॅनव्हास हाताळण्याची ताकद शरीरात उरली नाही आणि काही वर्षं ते कागदावर शाईची लहान रेखाटनं करत राहिले. पुढे पुन्हा रंगवू लागले, २००१ साली गेले. २०१३ साली मुंबईत क्रिस्टीजच्या पहिल्या लिलावात त्यांचं १९७९चं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं आणि वर्तमानपत्रांना गायतोंडे कळले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्याच्या शीर्षकात आयुष्याच्या आधी प्रक्रिया होती. मराठीत सतीश नाईक यांच्या 'चिन्ह' या कलाविषयक नियतकालिकाने गायतोंड्यांच्या आठवणी, मुलाखती चिकाटीने जमवल्या नसत्या तर आपल्या हाती किमतीचे आकडे आणि दंतकथाच उरल्या असत्या.

प्रभाकर कोलत्यांच्या कॅनव्हासवर हाच थर वेगळं वागतो. १९४६ साली सिंधुदुर्गातल्या नेरूरपारचा जन्म, चित्रकार पळशीकरांचे विद्यार्थी, पुढे १९७२ ते १९९४ जे. जे.मध्ये स्वतः शिक्षक. त्यांच्या कितीतरी चित्रांत एकाच रंगाचं मोठं क्षेत्र सगळा कॅनव्हास व्यापून बसलेलं असतं आणि त्यात मधेच काही जागा सुटलेल्या असतात. त्या जागांतून खालचे रंग, ओघळ, गुंतागुंतीचे आकार दिसतात. वरचा रंग खालच्यावर सारवणासारखा फिरलेला असतो आणि कुठे थांबायचं हे त्यालाच ठाऊक असतं. गायतोंडे उचलून दाखवतात, कोलते झाकून. या झाकण्याला फार हिंमत लागते. दिवसेंदिवस जमवलेलं, चांगलं साधलेलं काहीतरी एका दुपारी कायमचं बुजवायचं असतं, कारण ते सुटं चांगलं असलं तरी चित्राला नको असतं. तरुण चित्रकारांचं चित्र अडकतं ते बहुधा इथेच. चित्रातला एक सुंदर तुकडा वाचवण्यासाठी ते बाकीचं चित्र त्याच्याभोवती फिरवत राहतात.

प्रभाकर बरव्यांचा मार्ग यांहून निराळा. अलिबागजवळच्या नागावचा हा माणूस, १९३६चा जन्म. १९६१ पासून काही वर्षं बनारसच्या विणकर सेवा केंद्रात होता, मग मुंबईत. बरवे कॅनव्हाससाठी एनॅमल पेंट वापरत, आपण दारं-खिडक्यांना लावतो तोच. एनॅमल लवकर कडक, गुळगुळीत कवच धरतो. तैलरंगासारखा तो महिनोन्महिने चाळवत बसता येत नाही. मग फेरफार करायचे कुठे? बरव्यांनी ते डायरीत केले. वर्षानुवर्षं लिहिलेल्या त्या डायऱ्यांत वस्तू, त्यांच्या सावल्या, पान, घड्याळ, शिंपला, एकाशेजारी एक मांडून पाहिलेले, खोडलेले, पुन्हा मांडलेले आहेत. त्या विचारांतूनच १९९० साली 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक आलं. चित्रकाराने स्वतःच्या निर्मितीबद्दल मराठीत इतकं नितळ क्वचितच लिहिलं असेल. बरव्यांच्या कॅनव्हासचे थर मोजायचे तर वहीपासून मोजायला हवेत. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं पुनरावलोकन झालं, तेव्हा डायऱ्या चित्रांसोबत मांडल्या गेल्या, ते योग्यच झालं.

माध्यम बदललं की दिवसाची लय बदलते, हे चित्रकार रझांच्या बाबतीतही दिसतं. १९६२ साली ते बर्कलेला शिकवायला गेले आणि त्या दशकात तैलरंगाकडून ॲक्रिलिककडे वळले. ॲक्रिलिकमधलं पाणी काही मिनिटांत उडतं, तासाभरात दुसरा थर देता येतो. वाट पाहण्याची सक्ती गेली. तय्यब मेहताही पुढे ॲक्रिलिक वापरू लागले, पण त्यांनी ती सक्ती स्वतःवर दुसऱ्या रीतीने लादून घेतली. मनासारखं न उतरलेलं चित्र ते नष्ट करत. त्यांच्या नावावरची चित्रं कमी आहेत त्याचं हे एक मोठं कारण. त्यांच्या चित्रातलं सपाट क्षेत्र सोपं वाटतं, पण एक सपाट लाल दुसऱ्या सपाट निळ्याला नेमका टेकेपर्यंत पुन्हा पुन्हा रंगवावं लागतं, आणि तरीही टेकला नाही तर कॅनव्हासच जातो.

या सगळ्यांसमोर सावळाराम हळदणकरांचं 'निरांजनवाली' ठेवून पाहावं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हे चित्र कित्येकांना आजही रविवर्म्यांचं तैलचित्र वाटतं. ते जलरंग आहे, कागदावरचं. पारदर्शक जलरंगात चूक बुजवायला पांढरा हाताशी नसतो. उजेड कागदाचाच, तो एकदा झाकला की गेला. तिथेही एकावर एक वॉश चढतातच, पण दर वॉशला काय राखून ठेवायचं हे आधी ठरलेलं लागतं. हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत कलासंस्था काढून पिढ्या घडवल्या. त्या शिस्तीत वाढलेली मुंबई पुढे गायतोंड्यांपर्यंत पोहोचली, हे मला योगायोगाचं वाटत नाही. जलरंगाचा राखून ठेवलेला उजेड आणि गायतोंड्यांच्या कॅनव्हासमधून खालून येणारा उजेड यांच्यात नातं आहे.

आज आपल्या कलाशाळांत वर्षअखेरच्या प्रदर्शनात पुरी झालेली चित्रं लागतात. विद्यार्थ्याने एकाच कॅनव्हासचं दर आठवड्याला एक छायाचित्र काढून तो क्रम शेजारी लावावा, असं कुठे होताना मला दिसत नाही. फोन सगळ्यांच्या खिशात आहे, खर्च काहीच नाही. चित्र कुठे वळलं, कुठे खरवडलं, कोणता सुंदर तुकडा बुजवला, हे समोर असलं तर परीक्षकालाही बोलायला काही खरं मिळेल, आणि त्या मुलालाही पुढच्या कॅनव्हाससाठी.

तोवर बघणाऱ्याने एवढं करावं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत. त्यांचं चित्र लागलेलं असेल तेव्हा आधी समोरून हवं तेवढं पाहून घ्यावं. मग रखवालदाराला खटकणार नाही इतपत जवळ जाऊन एका बाजूला उभं राहावं, दिव्याचा प्रकाश पृष्ठभागावरून तिरपा येईल असं. रोलर कुठे थांबला, सुरी कुठून कुठे गेली, कागद उचलताना रंग कुठे ओढला गेला, सगळं दिसतं. कॅनव्हासच्या कडेकडेने नजर फिरवावी. तिथे मधल्यासारखे सगळे थर पोहोचलेले नसतात, आणि कोणता रंग आधी आला, कोणता नंतर, ते तिथे वाचता येतं.