अस्वलासाठी कोणता ट्यूबा?

स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘पेत्रुश्का’ बॅलेत (पॅरिस, 1911) जत्रेत अस्वल येते, तेव्हा ट्यूबा हे खर्जातले पितळी वाद्य चक्क उंच स्वरांत एकटे वाजते. वादकाने कोणता ट्यूबा निवडावा?

‘सी’ ट्यूबाची नळी सुमारे 4.9 मीटर, ‘एफ’ची 3.7 मीटर. कळ न दाबता फुंकले, तर मूळ कंप्रतेच्या पटीतलेच स्वर निघतात. ही कंप्रता ‘सी’त सुमारे 33 हर्ट्‌झ, ‘एफ’मध्ये 44. आता 262 हर्ट्‌झचा स्वर घ्या. ‘सी’त तो आठवा, शेजारचा स्वर अवघ्या 33 हर्ट्‌झवर. ओठ जरा ढळले की भलताच सूर, तोही साऱ्या नाट्यगृहासमोर! ‘एफ’मध्ये तोच सहावा, शेजारी 44 हर्ट्‌झ दूर. म्हणून अस्वलासाठी ‘एफ’ सोयीचा. भरदार खर्जाला मात्र लांब, रुंद नळीच हवी. रंगमंचापुढच्या अरुंद खड्ड्यात दोन्ही ट्यूबा मावले, तर फारच छान.