नाग नदीच्या काठाने

ज्या नदीवरून नागपूरला नाव मिळाले असे म्हणतात, ती नाग नदी काही मोठी नाही. शहराच्या पश्चिमेस लाव्ह्याच्या टेकड्यांत ती उगम पावते, अंबाझरी तलावात शिरते आणि तेथून बाहेर पडून दाट वस्तीतून पूर्वेकडे वाहत जाते. तिच्या काठाने चालत जाणाऱ्या प्रवाशाला नागपूरचा इतिहास उलट्या क्रमाने दिसतो: प्रथम नवे नगर आणि मग जुने.

अंबाझरी तलाव भोसल्यांच्या काळातील होय. 1870 च्या सुमारास त्याचा बांध उंच करण्यात आला आणि शहराला त्याचे पाणी मिळू लागले. तलावाच्या खालच्या अंगास आज धरमपेठ, अंबाझरी ले-आउट यांसारख्या वसाहती आहेत. विसाव्या शतकात शहर वाढू लागले, तेव्हा त्या वाढीला शिस्त लावण्यासाठी 1936 साली कायदा झाला आणि त्यानुसार नागपूर सुधार प्रन्यास ही संस्था अस्तित्वात आली. घरे बांधण्यापूर्वीच रस्ते, गटारे, बागा आणि शाळा यांच्या जागा कागदावर आखून ठेवावयाच्या, यालाच नगररचना म्हणतात. अशा वसाहतींतील सरळ रस्ते आणि मोकळ्या जागा पाहून पाहुण्याला समाधान वाटते.

थोडे पुढे गेल्यावर, नदीच्या उत्तरेस, सीताबर्डीची टेकडी लागते. 1817 च्या नोव्हेंबर महिन्यात, 26 आणि 27 तारखेस, आप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि इंग्रजांची फौज यांची येथेच लढाई झाली. इंग्रज विजयी झाले आणि पुढे 1854 साली भोसल्यांचे राज्य त्यांनी खालसा केले. टेकडीवरील किल्ला आज भारतीय सैन्याच्या ताब्यात आहे.

टेकडी मागे टाकून पूर्वेकडे गेले, की रस्ते अरुंद होतात आणि जुने नागपूर सुरू होते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने बारा खेडी एकत्र करून 1702 च्या सुमारास हे नगर वसविले. त्याचा वारस चांद सुलतान याने नगराभोवती तट बांधला आणि ओढ्यांचे पाणी अडवून जुम्मा तलाव निर्माण केला. तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी दरवाजा म्हणून ओळखला जातो, तर तो तलाव गांधीसागर या नावाने परिचित आहे. पुढे रघूजी भोसले यांनी नागपुरात आपली राजधानी केली आणि महाल भागाला वैभव आले. आधी पाण्याची सोय आणि मग वस्ती, हा जुन्या राज्यकर्त्यांचा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

या क्रमाचे महत्त्व 23 सप्टेंबर 2023 रोजी साऱ्या नागपूरकरांना कळून आले. त्या दिवशी पहाटे काही तासांतच 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि तलावाखालच्या आखीव वसाहतींतील घरांत पाणी शिरले. झोपेतून जागे झालेल्या लोकांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. काहींना प्राणही गमवावे लागले.

असे का व्हावे? मोकळी माती पावसाचे पाणी शोषून घेते; डांबर आणि सिमेंट यांनी झाकलेल्या जमिनीवरून मात्र ते तसेच वाहत नदीकडे धावते. त्यातच नदीचे पात्र काठावरील बांधकामांनी आक्रसलेले आणि कचऱ्याने भरलेले असेल, तर वाढलेल्या पाण्याला तेथे जागा कशी मिळणार? मग ते रस्त्यांनाच आपले पात्र करते.

रस्ता कोठून न्यावा, बाग कोठे करावी, हे माणसाला ठरविता येते. पाणी मात्र उताराचीच वाट धरते. म्हणून नगर आखताना ती वाट प्रथम मोकळी ठेवावी लागते. नागपूर पाहावयास येणाऱ्याने किल्ला पाहावा, दरवाजा पाहावा, रुंद रस्तेही पाहावेत. पण नाग नदीच्या एखाद्या पुलावर क्षणभर थांबून खालीही पाहावे. ती वाट आपण किती मोकळी ठेवली आहे, हे तेथे दिसते.