पोटातले पाणी काढायचे आहे? घाबरू नका, वेळही दवडू नका

आईचे पोट वाढू लागले तेव्हा आम्ही भावंडांनी गॅस समजून तिला ओवा आणि गरम पाणी दिले. तिला बीजांडकोशाचा कर्करोग होता, केमोथेरपी चालू होती. तरी पोटात पाणी होऊ शकते हे आम्हाला ठाऊक नव्हते. पुढे परकराची नाडी पुरेना, दोन घासांत पोट भरू लागले, आडवे झाले की दम लागू लागला. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितले, "पोटात पाणी झालंय. टॅपिंग करून काढावं लागेल."

घरी आलो तर शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पाणी काढू देऊ नका रे पोरांनो. एकदा पाणी काढलं की माणूस राहत नाही."

मावशी मायेनेच बोलल्या. पण त्या एका वाक्यापायी आम्ही बारा दिवस घालवले. ते बारा दिवस आई भिंतीला उशा लावून बसल्या बसल्या झोपली. तुमच्या घरात असे दिवस जाऊ नयेत म्हणून हे लिहीत आहोत.

पाणी का होते?

पोटाच्या आत एक पातळ अस्तर असते. तिथे थोडा ओलावा नेहमीच असतो. कर्करोगाच्या पेशी त्या अस्तरावर पसरल्या की पाणी जास्त पाझरते आणि त्याचा निचरा होत नाही. कर्करोग यकृतात पसरला किंवा रक्तातली प्रथिने कमी झाली तरी पाणी साठते. बीजांडकोश, जठर, आतडे, स्वादुपिंड, यकृत, स्तन अशा निरनिराळ्या कर्करोगांत हे घडते. रुग्णाने पाणी जास्त प्यायल्यामुळे हे होत नाही. म्हणून आपल्या मनाने त्याचे पिण्याचे पाणी तोडू नका.

जाण्यापूर्वी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. शेवटची केमो कधी झाली तेही सांगा, कारण केमोनंतर रक्तातल्या पेशी कमी होतात. रक्त तपासायचे का ते डॉक्टर ठरवतात. बहुधा उपाशी राहावे लागत नाही, तरी विचारून घ्या. सगळे कागद, सैल कपडे आणि एक जाणते माणूस बरोबर असू द्या. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून घ्या. समजले नाही तर विचारायला लाजू नका.

प्रत्यक्ष काय होते?

आधी लघवी करून यायला सांगतात. मग पाठीला टेकू देऊन निजवतात. सुई कुठे घालायची ती जागा पुष्कळदा सोनोग्राफीत पाहून ठरवतात. कातडी औषधाने पुसून तेवढ्याच जागी बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. ते थोडा वेळ चुरचुरते. आई म्हणाली, "लाल मुंगी चावल्यागत झालं, बस." त्यानंतर सुई किंवा बारीक नळी आत जाते तेव्हा दाब जाणवतो. नळीतून पाणी बाटलीत किंवा पिशवीत उतरू लागते. ते बहुधा पिवळसर असते, कधी गढूळ, कधी लालसर. लालसर दिसले म्हणून लगेच हादरून जाऊ नका, डॉक्टरांना विचारा. पहिल्या वेळी त्यातले थोडे तपासणीला पाठवतात.

काम अर्ध्या तासात होते, कधी काही तास लागतात, तर कधी नळी रात्रभर ठेवतात. काही लिटर पाणी निघू शकते. मधून मधून ब्लडप्रेशर पाहतात, कारण ते उतरून चक्कर येऊ शकते. आईचे चार लिटर निघाले.

नंतर घरी

उठताना आधी बसा, मग हळूच उभे राहा. पट्टीतून एखाद-दोन दिवस थोडे पाणी झिरपू शकते. पण ताप किंवा थंडी भरली, पोटात जोराचे दुखू लागले, जागा लाल झाली, पू किंवा रक्त आले, लघवी फार कमी झाली, भोवळ आली किंवा झिरपणे थांबेना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, आतड्याला इजा हे धोके थोडे असले तरी असतात.

या पाण्याबरोबर प्रथिनेही जातात. म्हणून अंडी, डाळ, मासे, दूध यांतले जे पचेल ते थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. लघवी होण्याच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी दिल्या तरच.

मग माणूस दगावतो का?

पोटात पाणी पुष्कळदा आजार बळावल्यावर होते. त्यामुळे पाणी काढल्यावर काही दिवसांनी काही रुग्ण जातात आणि दोष सुईवर येतो. खरे पाहता त्यांना नेतो तो बहुतेक वेळा आजार. पण उलट भ्रमही नको. पाणी काढल्याने कर्करोग बरा होत नाही. मिळतो तो आराम. पाणी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा भरू शकते. केमो लागू पडली तर भरणे कमी होते. वारंवार भरत असेल तर कातडीखालून कायमची बारीक नळी बसवण्याचीही सोय काही ठिकाणी आहे.

दर वेळी मुंबईला टाटा रुग्णालयात धाव घ्यावीच लागते असेही नाही. जवळच्या मोठ्या रुग्णालयात टॅपिंग होईल का, हे तिथल्याच डॉक्टरांना विचारा आणि तशी चिठ्ठी मागून घ्या. खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जिथे लागू आहे, तिथे आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून काय बसते ते विचारा.

त्या रात्री आई कितीतरी दिवसांनी पाय पसरून, पाठ टेकून झोपली. सकाळी तिने भाकरी आणि सुकटीची चटणी मागितली. तीन आठवड्यांनी पोट पुन्हा फुगले तेव्हा तीच म्हणाली, "चला रे, या वेळी वेळ घालवू नका."

पुढे पाच महिन्यांनी आई गेली. त्या पाच महिन्यांत ती चार वेळा टॅपिंगला गेली आणि दर वेळी घरी येऊन जेवली. शेवटच्या दोन खेपांना शेजारच्या मावशी तिचा हात धरून बरोबर आल्या होत्या.