भाग १४ : माहिती अधिकारात प्रश्न नको, कागद मागा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट कळवली. "माहिती अधिकारात अर्ज केला, उत्तरही आलं, पण त्यात काहीच नाही." म्हणून आजचा भाग फक्त तेवढ्यावर. सुरुवात माझ्याच फसलेल्या अर्जापासून करते.

आमच्या गल्लीतला रस्ता दिवाळीनंतर डांबरी झाला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खडी वर आली आणि जुलैमध्ये समोरच्या काकू स्कूटरवरून घसरल्या. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्याच रागात मी नगरपरिषदेला अर्ज लिहिला : रस्ता आठ महिन्यांत का उखडला? जबाबदार कोण? कारवाई का केली नाही? १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि आता बघतेच म्हणत घरी आले. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं. दोन ओळी. माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

मी जाम चिडले. पण खरं सांगू का, ते उत्तर कायद्याला धरूनच होतं.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात 'माहिती' म्हणजे काय, ते दुसऱ्याच कलमात लिहिलंय : अभिलेख, दस्तऐवज, आदेश, अहवाल, करार, ई-मेल, साहित्याचे नमुने. म्हणजे जे कार्यालयात आधीपासून कुठल्यातरी रूपात आहे ते. 'का' चं उत्तर सहसा फाइलीत नसतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये हेच सांगितलं, की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं समर्थन मागणं म्हणजे माहिती मागणं नव्हे. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थींना स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा हक्क दिला, पण त्याच निकालात हेही म्हटलं की जी माहिती अस्तित्वात नाही ती अर्जदारासाठी तयार करायचं बंधन कार्यालयावर नाही.

मग करायचं काय? तर आपल्या मनातला प्रश्न कुठल्या कागदावर उमटला असेल ते शोधायचं. सरकारी काम कागदाशिवाय हलत नाही, हा एरवी आपल्याला वैताग देणारा गुण इथे कामाला येतो.

रस्त्याचंच घ्या. आधी अंदाजपत्रक होतं : लांबी किती, डांबराचा थर किती जाडीचा. मग निविदा, मग कार्यादेश. कार्यादेशात किंवा करारात दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे एवढ्या मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. मग साहित्याच्या चाचणीचे अहवाल. आणि सगळ्यात महत्त्वाची ती मोजमाप पुस्तिका, ऑफिसात सगळे जिला 'एमबी' म्हणतात. प्रत्यक्ष किती काम झालं याचं मोजमाप अभियंता त्यात लिहितो आणि त्यावरून बिल निघतं. माझा 'जबाबदार कोण' हा प्रश्न करारात होता, आणि 'का उखडला' यातला निम्मा तरी चाचणी अहवालात आणि एमबीत.

दुसरा अर्ज मी असा लिहिला : अमुक गल्लीतल्या, अमुक आर्थिक वर्षातल्या रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, करार, चाचणी अहवाल, मोजमाप पुस्तिकेतल्या संबंधित नोंदी आणि अंतिम देयक यांची प्रत्यक्ष पाहणी करून निवडक पानांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. बस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, तो त्यात आरामात बसला. माहिती कशासाठी हवी ते सांगायची गरज नाही. काउंटरवर विचारलं तरी नाही.

'पाहणी' हा शब्द विसरू नका. आमच्या शेजारच्यांनी "सर्व कागदपत्रे द्या" असा अर्ज केला होता. त्यांना ३१२ पानांचे, पानाला २ रुपयांप्रमाणे, ६२४ रुपये भरायचं पत्र आलं. मी टेबलावर बसून फाइल चाळली आणि ९ पानं घेतली. १८ रुपये. पाहणीला एकटं जाऊ नका, एवढं मात्र ऐका. मी काकूंच्या मुलाला नेलं होतं. एक वाचतो, दुसरा टिपून घेतो, आणि सोबत असली की बोलणंही जरा सांभाळून होतं. आमचं प्रकरण गल्लीतल्या रस्त्याचं. पण जमीन, वाळू असे विषय असतील तर चार-पाच जणांनी मिळून पडा. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमीन व्यवहारांची माहिती काढत होते, त्यांचा २०१० मध्ये खून झाला.

तारखांचं थोडक्यात सांगते. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का आणि तारीख घ्याच, कारण ३० दिवस तिथून मोजायचे. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम, "इथे नाही, तिकडे जा" हे उत्तर नव्हे. मुदत उलटली तर प्रती फुकट द्याव्या लागतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, आपल्याकडे २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. कागदावर हे सोपं दिसतं. आयोगाकडे तारीख लागायला मात्र भरपूर वेळ जातो, म्हणून पहिला अर्जच नेमका लिहायचा. आणि हो, केंद्राच्या कार्यालयात कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर.

तर आमच्या फाइलीत निघालं काय? दोषदायित्व कालावधी तीन वर्षांचा. रस्ता आठ महिन्यांत गेला. कराराचं ते पान जोडून साधी तक्रार दिली, त्यात एकही 'का' नव्हता. ऑक्टोबरमध्ये ठेकेदाराची माणसं आली आणि नगरपरिषदेच्या पैशाशिवाय रस्ता पुन्हा झाला. काकूंच्या औषधपाण्याचे अठरा हजार मात्र कुणीच दिले नाहीत.

अजून एक गोष्ट त्या ९ पानांत होती. एमबीत रस्त्याची लांबी ३४० मीटर लिहिलीय. आम्ही तिघांनी रविवारी सकाळी टेप लावून मोजली. दोनदा मोजली. २९० भरली. ही मोजणी तपासल्याची वरिष्ठ अभियंत्याच्या सहीची नोंद मिळावी म्हणून तिसरा अर्ज टाकला, त्याला परवा मंगळवारी ३० दिवस झाले. उत्तर नाही. अपिलाचा नमुना भरून ठेवलाय, २० रुपयांचा स्टॅम्पही आणलाय. सुनावणी झाली की त्याचा वेगळा भाग करेन.