स्पर्धेच्या होडीचे डेक आणि त्याचा साचा

समुद्रापासून दूर असलेल्या मध्यप्रदेशातही शिडाच्या होड्यांचा खेळ रुजला आहे. देवास जिल्ह्यातील नेहा ठाकूर हिने भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये प्रशिक्षण घेऊन २०२३ साली हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-४ प्रकारात रौप्यपदक मिळविले. या प्रकारात सर्व स्पर्धकांच्या होड्या एकसारख्या असतात; म्हणून कस लागतो तो खेळाडूच्या कौशल्याचा. ही समानता साच्यामुळे साधते. पांढुर्णा व सौसर भागातील वाचकांना विटांचा साचा परिचित आहे. तत्त्व तेच; अचूकता मात्र कितीतरी अधिक.

सुमारे ४.२ मीटर लांबीच्या या होडीचा तळभाग आणि डेक, म्हणजे वरचा झाकणासारखा भाग, हे वेगवेगळ्या साच्यांत घडवून कडांशी जोडले जातात.

साचा कसा तयार होतो?

प्रथम डेकचा हुबेहूब नमुना लाकडाचा करतात. त्याच्या बाजू किंचित उतरत्या ठेवाव्या लागतात. अन्यथा साचा नमुन्यात अडकून बसतो. नमुना लांबी भरून, घासून आरशासारखा गुळगुळीत केला जातो, कारण त्यावरील प्रत्येक ओरखडा पुढे प्रत्येक होडीवर उमटतो. त्यावर मेणाचे अनेक हात देऊन जेलकोट नावाच्या घट्ट राळेचा थर चढवितात. मग काचतंतूंची चटई राळेत भिजवून थरावर थर बसवितात व रुळाने हवेचे बुडबुडे काढतात. सर्व थर एकदम चढविल्यास उष्णता वाढून साचा वाकतो. म्हणून काम टप्प्याटप्प्याने करावे. शेवटी पाठीमागे लाकडी चौकट बसवून, राळ पूर्ण कडक झाल्यावरच साचा अलग करतात.

डेक घडविताना याच साच्यात काचतंतूंच्या दोन थरांमध्ये हलका फोम घालतात. त्यामुळे वजन फारसे न वाढता डेक ताठ राहते.

दक्षता

राळेची वाफ अपायकारक व ज्वालाग्राही असते. हवेशीर जागा, हातमोजे, चष्मा व योग्य मुखवटा आवश्यक आहे. राळ कडक करणारे रसायन आणि कोबाल्टचे गतिवर्धक द्रव्य एकमेकांत थेट कधीही मिसळू नये; स्फोट होऊ शकतो.

शाळांसाठी प्रयोग

हे तत्त्व शिक्षकांना मातीचा नमुना व प्लास्टर यांच्या साहाय्याने वर्गात दाखविता येईल. उभ्या बाजूंचा नमुना अडकतो, उतरत्या बाजूंचा सहज निघतो, हे विद्यार्थी स्वतः पाहतील. पाण्याच्या टाक्यांपासून वाहनांच्या भागांपर्यंत अनेक वस्तू याच तंत्राने बनतात. त्यामुळे नदीकाठच्याच नव्हे, तर कोणत्याही गावातील तरुणास हे कौशल्य उपयोगी पडेल.